ध्वनिमुद्रणातील सभागृह

ध्वनिमुद्रणाचा इतिहास आजवर बहुधा कलावंतांच्या आणि यंत्रांच्या अंगाने लिहिला गेला आहे. कोण गायिले, कोणत्या कंपनीने तबकडी काढली, मेणाची नळी जाऊन लाखेची थाळी केव्हा आली, ही माहिती जिज्ञासूंस सहज मिळते. परंतु सभेत, मंदिरात वा रंगमंदिरात केलेल्या ध्वनिमुद्रणात गाणाऱ्याच्या कंठाबरोबर आणखीही काही उतरलेले असते. भिंतींवरून परतलेला स्वर, खुर्चीची करकर, खोकला, दाद, टाळ्या, बाहेर पडणारा पाऊस हे सारे त्यात आलेले असते. या सर्वांस आम्ही प्रस्तुत लेखात ‘सभागृहाचा नाद’ असे म्हणू. त्याचा इतिहास स्वतंत्र आहे आणि तो पाहण्याचे आम्हांस एक निमित्तही आहे. आपल्या बृहन्महाराष्ट्रातील जुन्या संस्थांच्या कपाटांत पडलेल्या फिती अलीकडे संगणकावर उतरवून घेतल्या जात आहेत. हे काम स्तुत्यच होय. मात्र उतरवताना त्या ‘स्वच्छ’ करून घेण्याचा जो प्रघात पडू पाहत आहे, त्यात नेमके काय टाकून दिले जाते याचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही.

आज उपलब्ध असलेल्या अतिप्राचीन मैफली ध्वनिमुद्रणांपैकी एक २९ जून १८८८ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये झाले. हँडेल महोत्सवात ‘इझ्राएल इन इजिप्त’ हा त्याचा संगीतप्रबंध चालू होता, ऑगस्ट मान्स हे संचालन करीत होते आणि सुमारे ४,००० गायकांचा समुदाय गात होता. एडिसनचे इंग्लंडातील प्रतिनिधी कर्नल गुरो यांनी आपले फोनोग्राफ यंत्र वृत्तपत्रकारांच्या सज्जात, गायकांपासून शंभर यार्डांहून अधिक अंतरावर ठेविले होते. त्या काळी मायक्रोफोनचा ध्वनिमुद्रणाशी संबंध आलेला नव्हता. कर्ण्यातून जेवढा वारा आत शिरेल तेवढ्यावरच मेणात चर पडावयाची. ती नळी आज ऐकिली असता शब्द लागत नाहीत. खरखरीच्या मागून एक अफाट लाट वर येते आणि ओसरते, इतकेच कळते. पण ती लाट ज्या काचेच्या वास्तूत उठली ती वास्तू ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री जळून खाक झाली. तिची चित्रे पुष्कळ आहेत, छायाचित्रेही आहेत. परंतु ती भरली असता कशी घुमत असे याचा पुरावा मात्र अशा मेणाच्या तुकड्यांतच उरला आहे.

दुसरे उदाहरण न्यू यॉर्कचे आहे. तेथील मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसचे ग्रंथपाल लायोनेल मेपल्सन यांनी १९०१ ते १९०३ या काळात हौसेखातर, प्रयोग चालू असताना, प्रथम सूचकाच्या कोठडीतून आणि पुढे रंगमंचावरील उंच माळ्यावरून दोन-दोन मिनिटांच्या नळ्या भरल्या. ज्याँ द रेझ्के या विख्यात गायकाचा आवाज आज ऐकावयास मिळतो तो या नळ्यांमुळेच. गायक माळ्याजवळ आला की आवाज उमलतो, रंगमंचाच्या पलीकडील टोकास गेला की विरतो आणि शेवटी टाळ्यांचा कडकडाट होतो. धंदेवाईक तबकडीत यांपैकी काहीही ऐकू येत नसे. तेथे गायक एका लहानशा खोलीत कर्ण्याच्या तोंडाशी उभा राहावयाचा, वाजवणारे त्याच्या पाठीशी दाटीवाटीने बसावयाचे, आणि व्हायोलिनचा आवाज पुरत नाही म्हणून त्यालाही कर्णा जोडलेले स्ट्रो नावाचे वाद्य वापरावयाचे. खोली जितकी मुकी तितकी बरी अशी स्थिती होती, कारण कर्ण्याला जवळचेच ऐकू येई.

फ्रेड गैसबर्ग १९०२ साली कलकत्त्यास आला तो हाच कर्णा घेऊन. गौहरजान आणि तिच्या पिढीतील इतर कलावंत त्या कर्ण्यात गायिले. आपल्या देशातील ध्वनिमुद्रित संगीताची पहिली पंचवीस वर्षे अशी बिनमैफलीची गेली. जे गाणे समोरच्या चार जाणत्यांकडे पाहत पाहत रंगावयाचे, ते तीन मिनिटांत, समोर कोणी नसता, धातूच्या तोंडात ओतावयाचे! त्या तबकड्या आम्हीही आवडीने ऐकतो. परंतु त्यांवरून त्या काळच्या मैफलीचे अनुमान करणे म्हणजे पारपत्रावरील छायाचित्रावरून एखाद्याच्या घरचे लग्न कसे झाले हे सांगण्यासारखे आहे.

इकडे कर्णा सभागृहास बहिरा होता त्याच सुमारास सभागृहाच्या नादाचे शास्त्र जन्मास आले, ही इतिहासातील एक गमतीची जुळणी म्हणावी लागेल. हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली फॉग संग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह निरुपयोगी ठरले, कारण तेथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही व पुढचे दहा-बारा शब्द त्यात बुडून जात. ते दुरुस्त करण्याचे काम वॉलेस सेबाइन या तरुण अध्यापकाकडे आले. त्याने शेजारच्या सँडर्स रंगमंदिरातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणाव्या, ऑर्गनच्या नळीचा स्वर सोडावा, तो किती वेळ ऐकू येतो हे घड्याळावर मोजावे आणि सकाळ होण्यापूर्वी गाद्या परत नेऊन ठेवाव्या. यातून त्याने घुमाऱ्याचा काळ, जागेचे घनफळ आणि स्वर शोषून घेणाऱ्या वस्तूंचे प्रमाण यांचा संबंध सूत्ररूपाने मांडिला. १५ ऑक्टोबर १९०० रोजी उघडलेले बॉस्टनचे सिंफनी हॉल हे त्या सूत्राच्या आधारे बांधलेले पहिले संगीतगृह होय. सेबाइनच्या मोजणीतून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली, ती अशी की माणूस हाही एक शोषक पदार्थ आहे. भरलेले सभागृह आणि रिकामे सभागृह ही ध्वनीच्या दृष्टीने दोन वेगळी सभागृहे होत. वार्षिक परीक्षेच्या सुट्टीत रिकाम्या वर्गात उभे राहून बोललेल्या कोणाही शिक्षकास हे ठाऊक आहे. सेबाइनने ते आकड्यांत सांगितले. श्रोता हा केवळ पाहुणा नसून त्या वास्तूचा एक घटक असतो, आणि तो गप्प बसला असतानाही त्याचा ठसा ध्वनिमुद्रणात उमटतो.

मायक्रोफोन सभागृहात शिरला तो ११ नोव्हेंबर १९२० रोजी. त्या दिवशी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये महायुद्धातील अज्ञात योद्ध्याचा दफनविधी झाला. लायोनेल गेस्ट आणि होरेस मेरिमन या दोघांनी आत मायक्रोफोन ठेवून, तारेने ध्वनी बाहेर आणून तो मुद्रित केला. त्यातील दोन स्तोत्रांची तबकडी ॲबीच्या जीर्णोद्धार निधीसाठी विकली गेली. ध्वनिमुद्रण म्हणून ती अगदी सामान्य आहे. आवाज दबलेला, दूरचा, धुक्यातून आल्यासारखा. तथापि विजेच्या साहाय्याने मुद्रित होऊन विक्रीस आलेली ती पहिली तबकडी होय, आणि तिचा विषय कोणी नामांकित गायक नसून एका वास्तूत जमलेला शोकाकुल समुदाय होता हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

पाच वर्षांनी वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या मॅक्सफील्ड आणि हॅरिसन यांच्या पद्धतीने सारे चित्र पालटले. ३१ मार्च १९२५ रोजी त्याच मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये पुरुषगायकांच्या अनेक मंडळांचा एकत्रित कार्यक्रम झाला. मंचावर ८५० गायक होते आणि अखेरच्या नाताळगीतात श्रोतेही सामील झाले. कोलंबिया कंपनीने तबकडी काढून ४,८५० कंठांचा आवाज म्हणून तिची जाहिरात केली. श्रोत्यांची शिरगणती करून त्यांस गायकांत धरण्याचा हा व्यापारी चतुरपणा खरा, पण त्यात एक सत्यही होते. कर्ण्याला जे कधीच साधले नसते ते येथे घडले होते. लोकांनी तबकडी घेतली ती स्वरांसाठी तितकीच त्या विस्तारासाठी. (हे ऑपेरा हाउसही १९६७ साली पाडण्यात आले.)

यानंतर ध्वनिमुद्रकांनी स्टुडिओच्या बाहेर पाऊल टाकिले. एचएमव्हीने एका मोटारगाडीतच यंत्रसामग्री बसविली व ती जेथे गाणे तेथे नेऊन उभी केली. १९२७ साली ही गाडी लंडनच्या टेंपल चर्चजवळ गेली आणि अर्नेस्ट लफ या बालगायकाने म्हटलेले मेंडेल्सनचे एक प्रार्थनागीत मुद्रित झाले. त्या तबकडीचा खप इतका झाला की मूळ साचा झिजून ते गीत पुन्हा मुद्रित करावे लागले. मुलाचा आवाज निर्मळ होता यात शंका नाही. पण तो दगडी कमानींखाली जसा तरंगतो तसा एखाद्या मुक्या खोलीत तरंगला नसता. मे १९४१ च्या बाँबवर्षावात हे चर्च आतून जळाले. पुढे त्याची डागडुजी झाली, परंतु छप्पर नवे, लाकूडकाम नवे. आगीपूर्वीचे चर्च ऐकावयाचे असेल तर त्या तबकडीकडेच जावे लागते.

येथे एक अडचण सांगितली पाहिजे, कारण तिच्याशिवाय पुढील इतिहास कळणार नाही. मायक्रोफोन श्रोत्याच्या जागी ठेवला तर श्रोत्यास ऐकू येते तेच मुद्रित होईल, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात तसे होत नाही. जो घुमारा सभेत बसलेल्यास सुखावह वाटतो तोच तबकडीवर चिखलासारखा दाट होतो. मॅक्सफील्ड यांनी याचे कारण शोधले: माणसास दोन कान आहेत आणि मायक्रोफोन एकच. दोन कानांच्या बळावर आपण समोरचा स्वर वेगळा काढतो आणि भोवतालचा घुमारा पार्श्वभूमीस ढकलतो. एकाच कानाला ही निवड करता येत नाही. वाचकांनी आपल्या शाळेच्या मोठ्या दालनात उभे राहून, कोणास दूरवरून बोलावयास लावून, एक कान बोटाने घट्ट दाबून पाहावा. दालन एकाएकी अधिक घुमू लागल्याचा प्रत्यय येईल. आम्ही हा प्रयोग नववीच्या मुलांकडून दर वर्षी करवून घेतो. विजापूरच्या सहलीत गोल घुमटाच्या सज्जात आरोळ्या ठोकून आलेल्या मुलांसही या साध्या प्रयोगाचे अधिक नवल वाटते! यामुळेच एका मायक्रोफोनने काम करणाऱ्यास तो श्रोत्याच्या बराच पुढे, कलावंताच्या जवळ न्यावा लागे. किती जवळ, हाच त्याच्या कसबाचा प्रश्न होता. फार जवळ गेला तर वास्तू हरपली, फार दूर राहिला तर गाणे हरपले.

दोन कानांचा हा प्रश्न दोन मायक्रोफोनांनी सोडविणारा पुरुष म्हणजे ॲलन ब्लुमलाइन हा इंग्रज अभियंता. चित्रपटगृहात पडद्यावरील नट एका कडेस असताना त्याचा आवाज मात्र एकाच ठिकाणाहून येतो हे खटकून त्यास ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज केला, आणि जानेवारी १९३४ मध्ये लंडनच्या ॲबी रोडवरील स्टुडिओत बीचम हे मोत्सार्टच्या एका सिंफनीची तालीम घेत असता तिचे दोन मार्गांनी ध्वनिमुद्रण झाले. त्याची एक रचना आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. आठाच्या आकड्याप्रमाणे पुढून आणि मागून सारखेच ऐकणारे दोन मायक्रोफोन एकाच ठिकाणी परस्परांशी काटकोनात ठेवावयाचे. त्यांची पुढची बाजू वाद्यवृंद टिपते आणि पाठीमागची बाजू आपोआप सभागृह टिपते. सभागृहासाठी वेगळी योजना नको, वेगळे मिश्रणही नको. गणितातील एखादी सुबक सिद्धता पाहून जसा संतोष वाटतो तसा आम्हांस या रचनेने वाटतो. दुर्दैवाने तिला लगेच गिऱ्हाईक मिळाले नाही. ब्लुमलाइन अन्य कामांकडे वळला आणि ७ जून १९४२ रोजी रडारच्या चाचणीसाठी निघालेले विमान कोसळून वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी मृत्यू पावला. द्विमार्गी तबकड्या बाजारात येण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

युद्धकाळात जर्मनीत चुंबकीय फीत प्रगत झाली आणि प्रथमच तबकडी बदलण्याच्या व्यत्ययावाचून सबंध मैफल टिपणे शक्य झाले. फुर्टव्हेंग्लर यांनी बर्लिनच्या जुन्या फिलहार्मोनी सभागृहात दिलेल्या कार्यक्रमांच्या फिती या काळातल्या आहेत. हे सभागृह मुळात चाकांच्या बुटांवर घसरण्याच्या खेळासाठी बांधलेले होते, पण त्याचा नाद युरोपात नावाजला गेला होता. ३० जानेवारी १९४४ च्या हवाई हल्ल्यात ते नष्ट झाले. फिती युद्धानंतर मॉस्कोस गेल्या आणि कित्येक वर्षांनी परतल्या. त्या ऐकणारास संथ स्वरावलींत श्रोत्यांचा खोकला जागोजाग ऐकू येतो. संगीताच्या रसिकास तो खटकेल. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र तो खोकला म्हणजे त्या हिवाळ्यात, त्या शहरात, त्या राजवटीखाली कोटाच्या गुंड्या लावून बसलेली माणसेच वाटतात.

याहून विलक्षण उदाहरण वॉल्टर गीझेकिंग यांच्या पियानोवादनाचे आहे. १९४४-४५ च्या सुमारास बर्लिनच्या नभोवाणीत बीथोव्हनचा ‘एम्परर’ या नावाने प्रसिद्ध असलेला कन्चेर्टो द्विमार्गी फितीवर मुद्रित झाला. पियानो एकटा राहतो अशा मृदू जागी दूरवर विमानवेधी तोफांचे दबके स्फोट ऐकू येतात. आजच्या यंत्रांस ते पुसून टाकणे अवघड नाही. पण ते पुसले तर काय उरेल? एका उत्तम वादकाचे आणखी एक उत्तम वादन. असलेल्या फितीत मात्र एक शहर कोसळत असताना आत काही माणसे स्वर नीट लागावा म्हणून कशी झटत होती, याचा दाखला आहे.

अमेरिकेतील एक प्रसंग थोडक्यात सांगतो. १६ जानेवारी १९३८ रोजी न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बेनी गुडमन यांचा जॅझचा कार्यक्रम झाला. मंचावर उंच टांगलेल्या एका मायक्रोफोनमधून तो तारेने बाहेर नेऊन तबकड्यांवर उतरविण्यात आला. त्या तबकड्या बारा वर्षे पडून राहिल्या व १९५० साली प्रसिद्ध झाल्या. अभिजात संगीताच्या त्या गृहात हे ‘हलके’ संगीत कसे स्वीकारले जाईल अशी शंका त्या दिवशी होती. श्रोते किंचित अवघडलेले असावेत असे आरंभी वाटते आणि शेवटी ते बेभान झालेले ऐकू येतात. हे परिवर्तन एकट्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रणात कसे उतरले असते? १९५१ साली शिकागोत रॉबर्ट फाइन यांनी संचालकाच्या डोक्यावर सुमारे २५ फुटांवर एकच मायक्रोफोन टांगून संबंध वाद्यवृंद टिपला, आणि एका समीक्षकाने त्यास जिवंत सान्निध्याची उपमा दिली, तेव्हा याच एकमार्गी विद्येची परिसीमा झाली.

आता आपल्याकडे वळू. आकाशवाणीने १९५४ पासून संगीत संमेलने भरविली ती निमंत्रित श्रोत्यांसमोर. केसकर त्या वेळी मंत्री होते आणि त्यांच्या धोरणांवर पुष्कळ टीका झाली. परंतु स्टुडिओच्या मुक्या खोलीत बसणाऱ्या गायकासमोर पुन्हा माणसे आणून बसविली, एवढे श्रेय त्या योजनेस द्यावेच लागेल. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला. तो अनेक वर्षे रमणबाग शाळेच्या पटांगणात मांडवाखाली होत असे. मांडवास भिंती नसतात, त्यामुळे सेबाइनच्या अर्थाने तेथे घुमारा जवळजवळ नाहीच. तेथील सभागृहाचा नाद म्हणजे केवळ माणसे होत. यास्तव पाश्चात्य ध्वनिमुद्रक ज्यास वास्तू म्हणतो तिचे काम आपल्याकडे पुष्कळदा श्रोतृसमुदाय करतो.

ही दाद नीट ऐकिली तर फार बोलकी असते. विलंबित ख्यालात गायक अवघड फेर घेऊन समेवर आला असता समुदायाचा जो एक सामूहिक हुंकार उठतो तो समेच्या आधी उठला, समेवर उठला की नंतर, यावरून त्या गावचे श्रोते किती तयार होते हे कळते. टाळ्या तानेला पडतात की एखाद्या हळुवार स्वरलगावाला, पहिल्या रांगेतून कोणी ‘क्या बात है’ म्हणतो की ‘वा, बुवा!’, पहाटेच्या भैरवीपर्यंत किती माणसे उरली आहेत, याची नोंद कोणत्याही वृत्तांतात नसते. ती फितीवर असते. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर अंतराळात गेली. तो बहुमान यथायोग्यच होता. पण ती तबकडी बंद खोलीतली आहे, साडेतीन मिनिटांची. ताऱ्यांकडे आपले गाणे गेले, आपली मैफल गेली नाही.

आजचा ध्वनिमुद्रक सभागृहासाठी वेगळे मायक्रोफोन लावतो. मंचावरचे मायक्रोफोन कलावंताच्या जवळ, आणि एक जोडी श्रोत्यांच्या बाजूस किंवा छताजवळ. यात काळाचा हिशेब सांभाळावा लागतो. ध्वनी आपल्या हवेत सेकंदास सुमारे ३४५ मीटर चालतो. म्हणजे मंचापासून २० मीटरवरील मायक्रोफोनास तबल्याची थाप सुमारे ५८ सहस्रांश सेकंद उशिरा पोहोचते. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली दाखविले की सुमारे ३० सहस्रांशांच्या आत आलेला दुसरा आवाज कान पहिल्यात मिसळून टाकतो; त्यापलीकडे तो वेगळा भासू लागतो. दोन्ही मार्ग तसेच मिसळले तर एका थापेच्या दोन थापा होतात, आणि तबलजीने न वाजविलेले बोल त्याच्या नावावर जमा होतात. म्हणून जवळचा मार्ग जरा थांबवितात अथवा दूरचा पुढे ओढतात. शहाणे ध्वनिमुद्रक हे दोन्ही मार्ग अखेरपर्यंत वेगवेगळे जपून ठेवतात, म्हणजे पुढे कोणास सभागृह अधिक वा उणे हवे असेल तर मूळास धक्का लागत नाही.

जुन्या फितींस ही सोय नाही. त्यांत गाणे आणि सभागृह एकमेकांत विणलेले आहे. आमच्या शाळेच्या कपाटात स्नेहसंमेलनातील एका कीर्तनाची फीत आहे. आमच्या सेवेपूर्वी कित्येक वर्षे ती भरली गेली. ती संगणकावर उतरविण्यास दिली तेव्हा आम्ही लेखी कळविले होते की प्रथम जशी आहे तशी प्रत करावी व नंतर हवी तर सुधारलेली करावी. दोन प्रती आल्या. सुधारलेल्या प्रतीत बुवांचा शब्द न् शब्द स्पष्ट आहे. मात्र त्यांच्या आवाजास एक प्रकारचा धातूचा पातळपणा आला आहे आणि दोन वाक्यांमध्ये पोकळी ऐकू येते. मूळ प्रतीत आख्यान रंगात आले असता पत्र्यावर पाऊस कोसळू लागतो. बुवा क्षणभर थांबतात, काहीतरी कोटी करतात, मुले खदखदून हसतात आणि बुवा पावसाच्या वरचा सूर धरतात. सुधारलेल्या प्रतीत पाऊस नाही. त्यामुळे बुवा मध्येच का ओरडू लागले आणि मुले कशाला हसली याचा उलगडा होत नाही. शाळेच्या त्या दालनावर पत्रे होते हे आज कोणत्याही कागदावर सापडत नाही. तेथे आता स्लॅबची तीन मजली इमारत उभी आहे. गेल्या वर्षी शाळेचा इतिहास लिहिताना दालनाच्या छपराविषयीचे वाक्य आम्ही त्या मूळ प्रतीवरून लिहिले.